लाल-हिरव्या शीटचा हट्ट सोडूया: डीफॉल्ट रंग बदलायलाच हवेत



मागच्या व्हिडिओत मी आपल्या स्टॉकच्या शीटचे रंग बदलून दाखवले. लाल-पिवळा-हिरवा काढला आणि पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत जाणारा एकच रंग लावला. वर्गात दोघा-तिघांनी लगेच विचारलं, "ताई, आधीचं चांगलं होतं की. एका नजरेत कळायचं. उगाच का बदललं?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सविस्तर इथे लिहितेय. थोडं लांबेल, पण चहा घेऊन बसा. यात माझी स्वतःचीच एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझ्या दुकानातला नकाशा

माझं किराणा दुकान. मागे छोटं गोडाऊन, तिथे सहा रॅक, प्रत्येक रॅकला सात खण. दोन वर्षांपूर्वी मी एक्सेलमध्ये त्या रॅकचा नकाशा केला. प्रत्येक चौकोन म्हणजे एक खण. त्यातल्या मालाची एक्स्पायरी जवळ आली की चौकोन लाल, मधली असेल तर पिवळा, लांब असेल तर हिरवा. आकडे मी मुद्दाम लपवले होते. तुम्हाला आठवत असेल, त्या काळातल्या व्हिडिओंत मी दर वेळी सांगायचे, "आकडे वाचत बसू नका, रंग बघा." स्वतःच्या या वाक्यावर मी फार खूश होते.

दर सोमवारी सकाळी नकाशाची रंगीत प्रिंट काढायची आणि गोडाऊनच्या दारामागे चिकटवायची. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने लाल खणांतला माल पुढे काउंटरवर आणायचा. तो माल आधी विकायचा, फारच जवळ आला असेल तर ऑफर लावायची. दीड वर्ष सगळं व्यवस्थित चाललं.

मग दिवाळीनंतर गडबड सुरू झाली. मार्चमध्ये स्टॉक मोजला तेव्हा मसाल्याची पाकिटं, बिस्किटांचे दोन बॉक्स, नूडल्स, असा ११,४०० रुपयांचा माल एक्स्पायर झालेला सापडला. आणि काउंटरवर काय होतं? ज्याला अजून आठ-आठ महिने आहेत असा ताजा माल, तोही ऑफर लावून! किराण्यात मार्जिन किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. ११,४०० रुपये पुन्हा कमवायचे तर लाखभराचा धंदा करावा लागतो.

मी त्या मुलाला झापलं. गिऱ्हाईक उभं असताना झापलं. "डोळे आहेत की नाहीत?" असंही म्हणाले. ते वाक्य आजही आठवलं की लाज वाटते.

तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी शटर ओढताना म्हणाला, "ताई, रागावू नका. त्या कागदावर लाल कुठलं आणि हिरवं कुठलं ते मला कळत नाही. पिवळं तेवढं कळतं."

आधी तो दुसऱ्या कामगाराला विचारून घ्यायचा. तो कामगार दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. म्हणजे दीड वर्ष माझी 'एका नजरेत कळणारी' शीट दोन माणसं मिळून वाचत होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी विचारलं, "अरे, मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, याआधी एका ठिकाणी वायरिंगच्या कामाला होता. तिथे कळल्यावर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. म्हणून इथे गप्प राहिला.

डोळ्यांत दोष नव्हता, शीटमध्ये होता

लाल-हिरवा फरक न कळणं ही जन्मजात गोष्ट आहे. ती एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून पुरुषांत जास्त आणि बायकांत फारच कमी दिसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण ८ टक्के धरतात. आपल्याकडे ते त्याहून कमी आढळतं, पण आहेच. नजर उत्तम असते, चष्मा लागत नाही, फक्त काही रंग एकमेकांसारखे दिसतात. बऱ्याच जणांना स्वतःलाच ठाऊक नसतं. पोलीस किंवा रेल्वे भरतीच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचायला सांगतात, तेव्हा पहिल्यांदा कळतं.

आता एक्सेल उघडा. होम टॅब, कंडिशनल फॉरमॅटिंग, कलर स्केल्स. पहिलाच पर्याय कुठला? हिरवा-पिवळा-लाल. मी तोच घेतला होता. तुम्हीही तोच घेता. ही शीट ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करून बघा. पिवळे चौकोन फिकट येतील, पण लाल आणि हिरवे जवळपास सारखेच करडे दिसतील. म्हणजे सगळ्यात घाईचा माल आणि सगळ्यात निवांत माल सारखाच, फक्त मधला वेगळा! आमच्या मुलाला दीड वर्ष साधारण असंच दिसत होतं. मधल्याचा त्याला काही उपयोग नव्हता, आणि दोन टोकांत फरकच नव्हता.

दोष कोणाचा मग? मी खूप विचार केला. त्याने सांगायला हवं होतं, हे खरं. पण मी नोकरी देणारी आणि तो घेणारा. तोंड उघडलं की काम जातं हा त्याचा अनुभव. आणि मी? मी कधी विचारलंच नाही. एक्सेलने जे पहिलं पुढे केलं ते उचललं, वर हजारो लोकांना तेच शिकवलं.

शास्त्रज्ञांनी हाच वाद घातला होता

हे सगळं झाल्यावर मी शोधत बसले, तेव्हा कळलं की हा वाद शास्त्रज्ञांच्या जगात फार आधी होऊन गेलाय.

तुमच्या घरात कोणी इंजिनिअरिंगला किंवा डेटा सायन्सला असेल तर त्यांना मॅटप्लॉटलिब माहीत असेल. पायथॉनमध्ये ग्राफ काढायचं हे फुकट सॉफ्टवेअर. जॉन हंटर या अमेरिकन संशोधकाने ते सुरू केलं. २०१२ मध्ये तो गेला, पण सॉफ्टवेअर जगभरचे लोक मिळून चालवतात. त्यात आकड्यांचा रंगीत नकाशा काढला की वर्षानुवर्षं आपोआप एकच रंगमाला यायची. तिचं नाव 'जेट'. निळ्यापासून सुरू, मग आकाशी, हिरवट, पिवळा, शेवटी गडद लाल. ती आली मॅटलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून. इंद्रधनुष्यासारखी दिसायची, म्हणून लोकांना आवडायची.

पण तिच्यात खोट होती. आकडे हळूहळू वाढत असले तरी रंगाचा उजेड तसा हळूहळू वाढत नाही. आकाशी आणि पिवळ्याच्या जागी एकदम उजळतो आणि पुढे पुन्हा काळवंडतो. त्यामुळे जिथे आकड्यात काहीच विशेष नाही तिथे डोळ्याला रेघ दिसते, आणि जिथे खरा फरक आहे तिथे तो लपतो. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली की दोन्ही टोकं सारखीच गडद. ओळखीचं वाटतंय ना?

हे फक्त दिसण्यापुरतं नाही. २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाखवून धोक्याच्या जागा शोधायला सांगितल्या. नेहमीच्या इंद्रधनुषी रंगांतल्या त्रिमितीय चित्रात त्यांना ३९ टक्के जागा सापडल्या. चित्र तेच ठेवून फक्त रंग बदलले तेव्हा ७१ टक्के. चित्राची मांडणीही सपाट आणि सोपी केली तेव्हा ९१ टक्के. चित्र बदललं, तशी उत्तरं बदलली. मग आमच्या मुलाचे डोळे चुकले असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

मॅटलॅबने २०१४ मध्ये जेट काढून 'परूला' नावाची नवी रंगमाला आणली. पण ती कंपनीच्या मालकीची. मॅटप्लॉटलिबवाल्यांना सगळ्यांसाठी मोकळी असलेली हवी होती. मग बर्कलीच्या नॅथॅनियल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वाल्ट यांनी नवीन बनवली, 'व्हिरिडिस'. गडद जांभळ्यापासून निळा, हिरवा करत पिवळ्यापर्यंत. उजेड एकसारखा वाढत जातो. रंगांधळ्या माणसालाही क्रम कळतो, ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्समध्येही कळतो. २०१५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांपुढे मांडली आणि जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या मॅटप्लॉटलिबच्या २.० आवृत्तीत ती डीफॉल्ट झाली.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पद्धत. चांगल्या रंगमाला आधीही होत्या. जेट वापरू नका असे लेख शास्त्रज्ञ कित्येक वर्षं लिहीत होते. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा जेटमध्येच ग्राफ काढायचे. कारण ते आपोआप यायचं! डीफॉल्ट म्हणजे काय, आपण काहीच न निवडता जे मिळतं ते. बहुतेक माणसं काहीच निवडत नाहीत. मीही निवडलं नव्हतं. उपदेश करून जे वर्षानुवर्षं झालं नाही ते डीफॉल्ट बदलल्यावर झालं.

आणि ज्यांना जुनंच हवं होतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी 'क्लासिक' नावाची सोय ठेवली. एक ओळ लिहा, जुने रंग परत. कोणाचं काही काढून घेतलं नाही. फक्त मेहनत कोणी करायची ते बदललं. आधी ज्याला दिसत नाही त्याला झगडावं लागायचं, आता ज्याला जुनंच आवडतं त्याने एक ओळ लिहायची. माझ्या मते हा सौदा एकदम रास्त आहे.

आपल्याच दुकानातला त्रिकोण

परदेशातल्या गोष्टी राहू द्या. तुमच्या दुकानातलं कुठलंही पाकीट उचला. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहारीवर आधी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल असायचा. आकार तोच, फरक फक्त रंगाचा. आणि हिरवा-तपकिरी ही जोडीसुद्धा अनेक रंगांधळ्यांना सारखीच दिसते! म्हणून एफएसएसएआयने लेबलिंगच्या २०२० च्या नियमांत मांसाहारीचा गोल काढून त्रिकोण आणला. रंग तपकिरीच राहिला, आकार बदलला.

खरं सांगते, पाकिटावरचा तो त्रिकोण मी रोज बघत होते, तो का आला हे मला माहीत नव्हतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "त्रिकोण आल्यापासून बरं झालं ताई. आधी नाव वाचायला लागायचं." शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकाच्या हातात चुकून चिकन नूडल्सचं पाकीट गेलं तर काय होतं, ते किराणावाल्यांना सांगायला नको.

कायद्यातही हेच वळण दिसतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, २०१५ साली फिल्म एडिटिंगसाठी निवडलेल्या एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये आदेश दिला की रंगांधळ्या उमेदवारांना संस्थेने सगळ्याच अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा. त्याआधी जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना गाडीचं लायसन्स मिळायचा मार्ग मोकळा झाला. जिथे शक्य आहे तिथे माणसाला बाहेर काढण्यापेक्षा व्यवस्था बदला, एवढंच यातून मी शिकले.

"पण लाल म्हणजे धोका, हे तर सगळ्यांना कळतं"

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. शाळेत लाल शेरा मिळायचा, सिग्नल लाल असतो, पावसाळ्यात रेड अलर्ट आला की आपण मुलांच्या शाळेचा मेसेज बघतो. लाल म्हणजे थांबा, हे आपल्या अंगात मुरलंय.

पण नीट बघा, या जागी फक्त रंगावर कधीच भागवलेलं नसतं. उभ्या सिग्नलला लाल कायम वर आणि हिरवा कायम खाली. जागा पाठ असते. हवामान खातं ठाणे आणि रायगड जिल्ह्यांना वेगवेगळा इशारा देतं, म्हणजे आपल्या नवी मुंबईत ऐरोली-वाशीला एक आणि खारघर-पनवेलला दुसरा असूही शकतो. पण तो 'यलो', 'ऑरेंज', 'रेड' असा शब्दांत सांगितला जातो. नकाशा न बघता रेडिओवर ऐकलं तरी कळतं. आणि जुनी चोपडी आठवा. जमा डाव्या बाजूला, नावे उजव्या बाजूला, शाई एकच. आपल्या आजोबांच्या पिढीने अख्खा धंदा एका शाईत सांभाळला. लाल नको असं मी म्हणत नाही. नुसतं लाल नको.

शिवाय लालचा अर्थ सगळीकडे एकच आहे असंही नाही. आपल्या शेअर बाजारात लाल म्हणजे पडला. चीन आणि जपानमध्ये लाल म्हणजे भाव वर गेला.

दुसरा आक्षेप, "आमच्याकडे कोणी रंगांधळं नाही." मीही दीड वर्ष हेच समजत होते. तुमचा कामगार तुम्हाला सांगेलच असं नाही. तुमचा सीए, माल टाकायला येणारा सेल्समन, कर्जाची फाइल बघणारा बँकेतला अधिकारी, यांच्याबद्दल तर तुम्हाला कळायचा मार्गच नाही.

तिसरा आक्षेप मला थोडा पटतो. सवय झालेली गोष्ट बदलली की काही दिवस चुका होतात. आमच्याकडेही पहिल्या दोन सोमवारी मीच गोंधळले. गडद निळा म्हणजे घाईचा की निवांत, तेच आठवेना. म्हणून खाली शब्द लिहिला, "गडद = आधी विका". मग गोंधळ संपला.

आता करायचं काय

एक, कलर स्केलमधला तो पहिला पर्याय सोडा. फिकटपासून गडदपर्यंत जाणारा एकच रंग घ्या. दोन टोकं दाखवायची असतील, म्हणजे नफा-तोटा वगैरे, तर निळा आणि नारिंगी.

दोन, चिन्हं हवी असतील तर एक्सेलच्या आयकॉन सेट्समध्ये तीन एकसारखे गोल आहेत ते घेऊ नका. त्यातच हिरवा गोल, पिवळा त्रिकोण आणि लाल शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असलेला सेट आहे, तो घ्या. रंग तुमच्या आवडीचे राहतील आणि आकारही बोलेल.

तीन, आकडा किंवा शब्द लपवू नका. "आकडे वाचत बसू नका" हे माझं जुनं वाक्य मी इथे जाहीरपणे मागे घेते.

चार, शीट वापरात आणण्याआधी एकदा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा. त्यात कळली तर पास. खर्च दोन रुपये.

आणि माझ्याकडून एक. आपल्या चॅनेलवरून तुम्ही जी स्टॉक शीट डाउनलोड करता, तिचे रंग आता बदललेत. जुनी फाइलही ठेवलीय, ज्याला हवी त्याने घ्यावी. पण समोर दिसेल ती नवी. कारण शिकवणाऱ्याची फाइल हेही एक डीफॉल्टच असतं. मी पहिल्या पानावर जे ठेवते तेच शेकडो दुकानांच्या दारामागे चिकटतं. एक्सेलवाल्यांनीही तो पहिला पर्याय एक दिवस बदलावा असं मला मनापासून वाटतं. ते करतील तेव्हा करतील, पण आपली शीट तर आपल्याच हातात आहे.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. त्याची माफी मी मागितली, तीही गिऱ्हाइकांसमोरच, कारण झापलंही त्यांच्यासमोरच होतं. नवीन नकाशा त्यानेच पहिल्यांदा तपासला. एका खणावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हा आणि बाजूचा सारखाच वाटतो." मी वाकून बघितलं, तर मलाही सारखाच वाटला. प्रिंटरची शाई संपत आली होती!

तुमच्या दुकानात, ऑफिसात जी रंगीत शीट लावलेली आहे ती या आठवड्यात एकदा समोरच्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, "यात तुला काय दिसतं?" उत्तर ऐकून मग रंग ठरवा. पुढच्या व्हिडिओत हीच शीट वापरून सणांच्या सीझनची ऑर्डर कशी काढायची ते बघू. भेटूया.